वाढलेली ग्रंथी आटत का नाही

(देवास येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आज मी ज्या अवयवाबद्दल बोलणार आहे, त्याचे नावही आपल्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल. माणसाच्या गळ्यात, थायरॉइड ग्रंथीच्या मागच्या अंगाला, बहुधा चार बारीक ग्रंथी असतात. प्रत्येकीचे वजन ३० ते ४० मिलिग्रॅम, आकार तांदळाच्या फुगीर दाण्याएवढा. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. मराठी परिभाषेत परावटु ग्रंथी असा शब्द आहे, पण दवाखान्यात तो कोणी वापरत नाही, म्हणून मीही पॅराथायरॉइडच म्हणेन. रक्तातले कॅल्शियम ठरावीक पातळीवर धरून ठेवणे एवढे एकच काम या ग्रंथी करतात. ते काम बिघडले की हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना साठतो, अंग खाजते, स्नायू गळतात. आणि रुग्ण वर्षानुवर्षे गुडघेदुखीचा मलम चोळत बसतो.

या ग्रंथींचा शोध शरीरशास्त्रात फार उशिरा लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली एक भारतीय गेंडा मेला. त्याचे शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला चिकटलेली एक पिवळसर लहान गाठ दिसली. माणसातल्या ग्रंथींचे रीतसर वर्णन स्वीडनमधल्या उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८८० साली प्रसिद्ध केले. तेव्हा त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. ग्रंथीची गाठ काढल्यावर हाडांचा आजार सुधारतो हे व्हिएन्नातल्या फेलिक्स मांडल यांच्या शस्त्रक्रियेने १९२५ साली दाखवले. पेशीच्या पृष्ठभागावर कॅल्शियम ओळखणारा ग्राहक रेणू सापडला तो तर १९९३ साली. म्हणजे आमच्या पिढीतले डॉक्टर शिकत असताना हे ज्ञान नुकतेच तयार होत होते.

आता धारकडे वळतो, कारण हा विषय धार आणि देवाससमोर मांडण्याचे कारण तिथल्या पाण्यात आहे.

धारला साडेबारा तलावांचे गाव म्हणतात. मुंज राजाच्या नावाचा तलाव आजही तिथे आहे. मांडूच्या डोंगरावरही पावसाचे पाणी साठवण्याची केवढी व्यवस्था होती हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गावोगावी विहिरी आणि पायऱ्यांच्या बावड्या होत्या. या उघड्या पाण्याचे दुखणेही होते, आणि त्याचे नाव नारू. वयस्कर मंडळींनी पायातून बाहेर येणारा तो जंत पाहिला असेल. देशात १९८०च्या दशकात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम चालला, बावड्या बंद झाल्या, हातपंप बसले. १९९६ साली देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. ते काम मोठे होते आणि योग्यही होते. पण खोल बोअरचे पाणी खडकात दीर्घकाळ मुरलेले असते, आणि काही ठिकाणी त्यात फ्लोराइड उतरलेले असते. धार जिल्ह्याचा बराच भाग, विशेषतः आदिवासी पट्टा, शेजारच्या झाबुआसारखाच फ्लोराइडबाधित आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर गेले की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मग पाठ आणि सांधे आखडतात, आणि काही मुलांचे पाय वाकतात.

हा आजार हाडांचा आहे असे आपण समजतो. मेरठच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तेवतिया दांपत्याने, डॉ. एस. पी. एस. तेवतिया आणि डॉ. मोहिनी तेवतिया यांनी, १९७३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध लिहिला. हाडांचा फ्लोरोसिस झालेल्या काही रुग्णांत पॅराथायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय झालेल्या त्यांना आढळल्या. त्यांची मांडणी अशी: फ्लोराइड बसलेले हाड घट्ट होते, त्यातून कॅल्शियम सहज सुटत नाही. रक्तातली पातळी टिकवायची तर ग्रंथीला जास्त संप्रेरक सोडावे लागते. आहारात कॅल्शियम कमी असेल, मका हेच मुख्य अन्न असेल आणि दूध चहापुरतेच असेल, तर हा भार आणखी वाढतो. शिवाय शोषलेल्या फ्लोराइडचा जवळपास निम्मा भाग लघवीवाटे बाहेर जातो. म्हणजे ज्याचे मूत्रपिंड थकलेले आहे त्याच्या अंगात तेच पाणी जास्त फ्लोराइड ठेवून जाते. पाणी, हाड, मूत्रपिंड आणि गळ्यातली ग्रंथी अशी ही साखळी आहे, आणि ती धारमधल्या हातपंपापासून सुरू होऊ शकते.

देवासचे दुःख वेगळे. इथे पाणी वाईट म्हणण्यापेक्षा पाणीच नव्हते. १९९०मध्ये या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आठवणारे लोक या सभागृहात बसलेले आहेत. पुढे २००६पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने या जिल्ह्यात शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर हजारो शेततळी खोदली. ते शेतीचे काम होते, पण मला त्याचे महत्त्व वैद्यकीयही वाटते. पावसाचे पाणी जिथे वापरात येते तिथे खोल बोअरवरची भिस्त कमी होते.

आता मुख्य प्रश्नावर येतो. पाणी बदलले, आहार सुधारला, किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला नवे मूत्रपिंड बसवले, तर फुगलेली पॅराथायरॉइड ग्रंथी पुन्हा पहिल्यासारखी लहान होते का? सामान्य समजुतीने उत्तर हो असायला हवे. कारण गेले म्हणजे परिणाम गेला. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि का होत नाही हे समजण्यासाठी पेशी कशा मरतात ते पाहावे लागते.

शरीरातली पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक म्हणजे अपघाती मृत्यू. रक्तपुरवठा तुटला, विष लागले, भाजले, तर पेशी फुगते, फुटते, आतले द्रव्य सांडते आणि आजूबाजूला सूज येते. दुसरा म्हणजे पेशीने आपल्याच जनुकांच्या आज्ञेने घडवून आणलेला मृत्यू. पेशी आक्रसते, केंद्रकातली गुणसूत्रे तुकड्या-तुकड्यांत मोडतात, पेशीचे लहान पुडके होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, व्रण नाही. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलेस्टर करी यांनी १९७२ साली या दुसऱ्या प्रकाराला अपॉप्टोसिस हे नाव दिले. सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांनी एका सूक्ष्म कृमीवर त्याचा हिशेब मांडला: वाढीच्या काळात त्या कृमीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या बरोबर १३१ ठरल्या जागी, ठरल्या वेळी मरतात. या कामाला २००२चे नोबेल मिळाले. आपल्या त्वचेत, आतड्यात, रक्तात हा व्यवहार अखंड चालू असतो. जन्म आणि मृत्यू सारखे असतात म्हणून अवयवाचा आकार टिकतो.

पॅराथायरॉइडमध्ये हा व्यवहार कमालीचा संथ आहे. डेट्रॉइटचे हाडविकारतज्ज्ञ मायकेल पारफिट यांनी या ग्रंथींच्या वाढीचा हिशेब मांडण्यात बरीच वर्षे घालवली. त्यांच्या अंदाजाने माणसातली पॅराथायरॉइड पेशी सुमारे २० वर्षे जगते. आतड्याच्या अस्तराची पेशी चार-पाच दिवसांत जाते, ही वीस वर्षे. म्हणजे या ग्रंथीत पेशींचा जन्मही क्वचित आणि मृत्यूही क्वचित.

आता त्या ग्रंथीला सतत ताण द्या. रक्तातले कॅल्शियम किंचित घसरले की काही सेकंदांत साठवलेले संप्रेरक, पीटीएच, बाहेर पडते. घसरण तासभर टिकली तर पेशी आतल्या आत संप्रेरक मोडणे थांबवते. दिवसभर टिकली तर नवे जास्त बनवते. आठवडे आणि महिने टिकली तर पेशींची संख्याच वाढू लागते. पहिले तीन उपाय लगेच मागे घेता येतात. चौथा, पेशींची वाढ, मागे घ्यायची तर जास्तीच्या पेशी मराव्या लागतात. आणि तिथेच ही ग्रंथी अडते.

मूत्रपिंडाच्या आजारात हा ताण तिन्ही बाजूंनी येतो. मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही. ते ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप, कॅल्सिट्रिऑल, पुरेसे बनवत नाही. त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. ग्रंथीच्या पेशीला तिन्ही संदेश एकच सांगतात: आणखी बनव, आणखी वाढ. जेरुसलेममध्ये टॅली नावेह-मॅनी आणि जस्टिन सिल्व्हर यांनी १९९०च्या दशकात उंदरांवर दाखवले की आहारात फॉस्फरस कमी केला तर मूत्रपिंड बिघडलेले असतानाही पेशींचे विभाजन रोखता येते. सेंट लुईसच्या एदुआर्दो स्लाटोपोल्स्की यांच्या गटाने पुढे दाखवले की जास्त फॉस्फरसचा आहार सुरू केल्यावर ही वाढ अवघ्या काही दिवसांत सुरू होते.

याच गटाचा २००२चा प्रयोग मला या सगळ्या साहित्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूत्रपिंड बिघडवलेल्या उंदरांना आधी जास्त फॉस्फरस दिला, ग्रंथी फुगल्या, पीटीएच चढले. मग आहार बदलून फॉस्फरस एकदम कमी केला. पीटीएच झपाट्याने खाली आले, जवळजवळ नेहमीच्या पातळीवर. पण ग्रंथीचा आकार तसाच राहिला, आणि पेशी अपॉप्टोसिसने मरत असल्याची खूण त्यांना सापडली नाही. कामगार शांत झाले, पण सगळे कामावरच राहिले. कोपनहेगनमध्ये एव्हा लेविन आणि क्लाउस ओल्गार्ड यांनी आजारी उंदराला निरोगी मूत्रपिंड बसवून हेच पाहिले: संप्रेरक काही काळातच नेहमीच्या पातळीवर आले, ग्रंथी मात्र तेवढीच मोठी राहिली.

शास्त्रज्ञांत यावर पूर्ण एकमत आहे असे मी सांगणार नाही. शस्त्रक्रियेने काढलेल्या मानवी ग्रंथींत काहींना मरणाऱ्या पेशी नेहमीपेक्षा जास्त दिसल्या. ते शक्य आहे, कारण जिथे जन्म खूप होतात तिथे थोडे मृत्यूही वाढतात. शिवाय अपॉप्टोसिस झालेली पेशी काही तासांत गिळली जाते, त्यामुळे एका कापात अशा मोजक्याच पेशी सापडतात आणि मोजणी नेहमीच अवघड असते. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या संशोधकांना तर असे दिसले की निरोगी ग्रंथीच्या ऊतीवर जास्त मात्रेतले कॅल्सिट्रिऑल विभाजन आणि मृत्यू दोन्ही एकदम दाबते. सगळे जमेस धरून माझे मत असे: आजारी ग्रंथीत मृत्यू वाढत असला तरी तो जन्माची बरोबरी करत नाही, आणि ताण काढून घेतल्यावरही जास्तीच्या पेशी नाहीशा करणारी यंत्रणा या ग्रंथीत फार दुबळी आहे.

वाढ आणखी पुढे गेली की परिस्थिती हाताबाहेर जाते. सुरुवातीला ग्रंथी सगळीकडून सारखी फुगते. नंतर एखाद्या पेशीत जनुकीय बदल होतो आणि तिचे वंशज गाठी करतात. जपानमधल्या नागोया येथील योशिहिरो तोमिनागा यांच्या गटाने अशा शेकडो ग्रंथी अभ्यासल्या. साधारण अर्ध्या ग्रॅमच्या पुढच्या बहुतेक ग्रंथी गाठाळ असतात, म्हणजे मूळ वजनाच्या दहा पटींहून मोठ्या. गाठीतल्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे आणि ड जीवनसत्त्व ओळखणारे दोन्ही ग्राहक रेणू कमी झालेले असतात. पेशीच बहिरी झाली तर औषधाचा निरोप कोणाला द्यायचा? अशा रुग्णात मूत्रपिंड बदलले तरी कॅल्शियम चढत राहते, आणि मग आम्हाला ग्रंथी कापावी लागते.

म्हणून गेल्या पंचवीसेक वर्षांतले बरेच उपचार एकाच दिशेने जाताना दिसतात: या पेशींना मरायला कसे लावायचे. २००४ साली सिनाकॅल्सेट हे औषध आले. ते कॅल्शियमच्या ग्राहक रेणूला चाळवते, म्हणजे पेशीला कॅल्शियम आहे त्यापेक्षा जास्त भासते. काही प्रयोगांत अशा औषधाने पेशींचे अपॉप्टोसिस वाढले, काहींत फक्त विभाजन थांबले. रुग्णांत सोनोग्राफीवर लहान ग्रंथी आक्रसताना दिसतात, मोठ्या गाठाळ ग्रंथी मात्र तितक्या दाद देत नाहीत. जपानी डॉक्टरांनी सक्रिय ड जीवनसत्त्वाचे रूप थेट ग्रंथीत टोचून पेशीमृत्यू घडवला. त्याआधीपासून ग्रंथीत अल्कोहोल टोचण्याची पद्धतही आहे, पण तो अपघाती मृत्यू असतो. अल्कोहोल बाहेर झिरपले तर शेजारच्या स्वरतंतूच्या चेतातंतूला इजा होते आणि आवाज बसतो. शस्त्रक्रियेत तीन ग्रंथी आणि चौथीचा बहुतेक भाग काढतात, किंवा सगळ्या काढून थोडी ऊती हाताच्या कोपराखालच्या स्नायूत रुजवतात. तीही काही रुग्णांत पुन्हा वाढते, कारण मूत्रपिंडाचा आजार तिथेच असतो आणि पेशी त्याच असतात. कधी एखादी मोठी गाठ स्वतःच रक्तपुरवठ्याअभावी मरते आणि काही काळ रुग्ण बरा होतो. तो निसर्गाचा अपघात आहे, त्याची वाट कोणी पाहू नये.

या सगळ्यातून एकच निष्कर्ष मला निघताना दिसतो: ग्रंथी वाढण्याआधीच तिचा ताण कमी करायला हवा. ती वाढल्यावर आपल्याकडे उपाय आहेत, पण ते महाग, अर्धवट आणि धोक्याचे आहेत. जिल्ह्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला सिनाकॅल्सेट वर्षानुवर्षे परवडत नाही, आणि ग्रंथीची शस्त्रक्रिया नीट करणारे शल्यविशारद मोठ्या शहरातच भेटतात.

म्हणून काही गोष्टी मी अगदी रोखठोक सांगतो. २०१६पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांपर्यंत येऊ लागला आणि गरीब रुग्णाला आधार मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आपल्याकडे पुष्कळ रुग्णांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होते, आणि एका वेळच्या डायलिसिसमधून जाणारा फॉस्फरस रोजच्या आहारातल्या फॉस्फरसपुढे कमी पडतो. शिवाय रुग्ण क्रिएटिनिन विचारतो, हिमोग्लोबिन विचारतो, फॉस्फरस विचारत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन असे आहे की मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता (अहवालातला ईजीएफआरचा आकडा) साधारण ६०च्या खाली गेली की कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच तपासायला सुरुवात करावी. म्हणजे डायलिसिस लागण्याच्या कितीतरी आधी.

आहाराबद्दल आपल्याकडे गैरसमज फार आहेत. डाळ पूर्ण बंद करून रुग्ण अशक्त होतो. डाळीतला फॉस्फरस वनस्पतीत बांधलेला असतो, तो कमी शोषला जातो. मावा, दूध आणि पनीर यांचे प्रमाण मात्र पाहावे लागते. सर्वांत वाईट तो पाकिटातल्या पदार्थांत आणि कोलासारख्या पेयांत वरून मिसळलेला फॉस्फेट, कारण तो जवळपास सगळा शोषला जातो. मालव्यात पाहुण्यांपुढे ठेवायला आता घरच्या पोह्यांआधी पाकीट निघते, हे मला बरे वाटत नाही. आणि फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायची असते. उपाशीपोटी किंवा रात्री झोपताना घेतली तर ती तेवढ्यापुरती वाया जाते. ही एक गोष्ट कितीतरी रुग्णांना कोणी सांगितलेली नसते.

धारच्या पट्ट्यासाठी पाणी हेच औषध. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत विकसित केली, ती जगभर वापरली गेली. पण गावात अशी यंत्रे देखभालीअभावी बंद पडतात. नदीचे किंवा पावसाचे पाणी आणणे हाच टिकाऊ मार्ग. झाबुआत इनरेम फाउंडेशनने मुलांच्या आहारात कॅल्शियम वाढवण्यासाठी टाकळ्याची पाने वापरायला शिकवले. पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणारा तोच टाकळा आपल्या आज्या भाजीला वापरत. कॅल्शियम पुरेसे मिळाले की फ्लोराइड आतड्यातच काही प्रमाणात अडते आणि ग्रंथीवरचा भारही हलका होतो. धारमध्येही हे काम वाढावे असे मला वाटते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांतही हीच पाण्याची अडचण आहे. दोन्हीकडच्या मराठी डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायला हवे.

श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारात, शेतावरच्या मजुरांत कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पुढच्या वेळी त्याच्या रक्ताचा कागद पाहा. त्यात फॉस्फरस नसेल तर डॉक्टरांना तो तपासायला सांगा आणि पीटीएच कधी केले ते विचारा. धार जिल्ह्यातून आलेल्यांनी आपल्या गावच्या हातपंपाच्या पाण्याची बाटली पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत द्यावी आणि फ्लोराइडचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहावा. हे काम या आठवड्यात करता येण्यासारखे आहे.